पहिलं पिंप

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता बलभीम ड्रायव्हरनं पेट्रोलवर चालणाऱ्या सरकारी जीपमध्ये चार गॅलन डिझेल ओतलं. ते त्यानं चुकून ओतलं नाही, हुकमाप्रमाणं ओतलं. चूक आणि हुकूम यांत फरक एवढाच, की चूक निदान करणाऱ्याच्या लक्षात येते.

साल एकसष्ट. तालुक्याच्या शेती-उत्कर्ष कचेरीत गोपाळकृष्णराव साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आले होते. मराठीचं राज्य आलं, तेव्हा कोठीतली पिंपंही मराठी झाली पाहिजेत, असा त्यांचा रास्त आग्रह होता. पिंपं तीन. जीपसाठी पेट्रोल, कंदिलांसाठी रॉकेल आणि विहिरीवरच्या इंजिनासाठी डिझेल, ज्याला आपल्याकडं सगळे क्रूड म्हणतात. ही नावं परकी ठरल्यामुळं खरवडून काढण्यात आली. योग्य मराठी नावं सुचवावीत असं पत्र वर गेलं, आणि उत्तर येईपर्यंत पिंपांचा उल्लेख अनुक्रमे 'पहिले', 'दुसरे' व 'तिसरे' असा करावा, असं परिपत्रक निघालं. पिंपांवर आकडे तरी घालू, असं कुणीसं सुचवलं. पण तात्पुरता आकडा एकदा रंगवला की तेच नाव होऊन बसतं, ही साहेबांची दूरदृष्टी आडवी आली.

कोठी विष्णुपंतांकडं होती. त्यांनी परिपत्रक अक्षरशः पाळलं. पहिलं पेट्रोल, दुसरं रॉकेल, तिसरं क्रूड. फक्त विष्णुपंतांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात, उर्दूत झालेलं. उर्दूची ओळ उजव्या हाताला सुरू होते. पिंपांची ओळही तिथूनच सुरू झाली. (यात हेतू काही नव्हता. पंत कपाटही उजवीकडून लावत.)

सोमवारी पंत भाचीच्या लग्नाला लोहाऱ्याला गेले आणि किल्ली उत्तरेश्वर कारकुनाकडं आली. उत्तरेश्वर मराठी शाळेचा. मंगळवारी साहेबांना भाषणासाठी परंड्याला जायचं होतं. चिठ्ठी आली, 'जीपमध्ये पहिल्या पिंपातील चार गॅलन घालावेत.' उत्तरेश्वरनं डावीकडचं पिंप दाखवलं.

बलभीमनं झाकण काढलं आणि नाक मागं घेतलं.

"भाऊसाहेब, हे क्रूड हाय."

"पहिलं हाय का न्हाय?"

"पहिलं असंल. पर क्रूड हाय."

"चिठ्ठीत काय लिवलंय?"

"चिठ्ठीला नाक न्हाय, भाऊसाहेब. मला हाय."

"मग नाक लावा फायलीला. उलट उत्तर दिलं म्हणून लिवू का वर?"

इथं बलभीमनं मापाचा डबा उचलला. चार वर्षं तो 'तात्पुरता' होता. कायम होण्यासाठी सलग सहा महिने वाईट शेऱ्यावाचून जावे लागतात. पहिल्या खेपेला तो पाचव्या महिन्यात 'पुढं रस्ता खचलाय' असं म्हणाला होता, आणि 'उलट उत्तरे देतो' असा शेरा मिळाला होता. (रस्ता खचलेला होता. त्याबद्दल शेरा कुणालाच मिळाला नाही.) या खेपेला पाच महिने एकोणीस दिवस सुरळीत गेले होते. सकाळीच बायकोनं, द्वारकाबाईनं, भाकरी बांधून देताना बजावलं होतं, "अकरा दिस तोंडाला कुलूप घाला. कायम झाल्यावर काय बोलायचं ते बोला."

"कायम झाल्यावर बोलायचं कशाला?" बलभीम म्हणाला होता.

त्यानं चार गॅलन मोजून ओतले.

टाकीत थोडं जुनं पेट्रोल होतं, त्यावर जीप सव्वादोन मैल गेली. मग ती खोकली, पांढरा धूर सोडला, दोन आचके दिले आणि एका बाभळीखाली थांबली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"थांबली, साहेब."

"का?"

बलभीमनं मनात अकरा मोजले. "हुकमाप्रमाणं, साहेब."

शेजारच्या शेतातून दगडोबाची बैलजोडी आणून जीप परत ओढली. सरकारी वाहन वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून साहेब आतच बसून राहिले. "साहेब, हारन तरी वाजवा," दगडोबा म्हणाला, "बैलांना बरं वाटंल." त्या दिवशीच्या लॉगबुकात 'इंधन' या रकान्यात 'कडबा' अशी नोंद आहे.

टाकी रिकामी करून धुतली असती तर जीप दुसऱ्या दिवशी चालू झाली असती. पण टाकीतला माल हा पुरावा होता, आणि पुराव्याला हात लावता येत नाही. जिल्हा कचेरीतल्या आण्णासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तिघांची समिती नेमली गेली. समितीनं कोठीची पाहणी दोनदा केली, एकदा दारातून आणि एकदा मागच्या खिडकीतून. दोन्ही वेळा पहिलं पिंप निराळं निघालं. ओळ उजवीकडून मोजली तर उत्तरेश्वर दोषी, डावीकडून मोजली तर विष्णुपंत दोषी. दोघेही कायम. कायम माणसाची चूक सिद्ध झाली तर ती पेन्शनीपर्यंत छळते, म्हणून समितीनं विचारान्ती ठरवलं की चूक तात्पुरत्या स्वरूपाची असावी.

तात्पुरता एकच होता.

आता प्रश्न उरला तो शेऱ्याच्या शब्दांचा. वास येऊनही बलभीमनं ओतलं, हा हलगर्जीपणा. वास आल्याचं त्यानं सांगितलं, हे उलट उत्तर. दोन्ही शेरे एकाच वेळी देता येत नाहीत, कारण रकाना एकच आहे. तेव्हा आण्णासाहेबांनी लोकशाहीला साजेसा मार्ग काढला. भूमच्या आणि परंड्याच्या बाजारात दवंडी पिटून जनतेचं मत मागवलं, की अशा वेळी बलभीमनं काय करायला हवं होतं?

आजची स्थिती अशी. जीप जागेवर आहे. अकरा दिवस केव्हाच उलटले, पण चौकशी चालू असल्यामुळं ते धरलेले नाहीत. बलभीम रोज अकरा ते पाच बंद जीपमध्ये स्टिअरिंगमागं बसून हजेरी भरतो. जनतेकडून एकोणचाळीस लेखी उत्तरं आली आहेत. सर्वांनी एकमुखानं कळवलं आहे, की वरिष्ठांचा मुलाहिजा न ठेवता बलभीमनं तिथंच ठाम नकार द्यायला हवा होता.

एकोणचाळीसांपैकी एकाही उत्तराखाली सही नाही.

वाचकांचं मतही हेच असणार. ते त्यांनी पूर्ण नाव, हुद्दा आणि साहेबांचं नाव घालून कचेरीकडं पाठवावं. चाळिसाव्या उत्तरासाठी फाईल उघडी ठेवली आहे.