पुसून घेतलेला लॅपटॉप

गुरुवारी दुपारी राजनंदिनी लोहाऱ्याला जाऊन बँकेतलं काम उरकून घरी आली, तेव्हा लॅपटॉप लख्ख दिसत होता आणि सुरू होत नव्हता. तिनं बटण दाबलं, दाबून धरलं, वायर काढून पुन्हा लावली. पडदा काळा तो काळाच. मग तिनं लॅपटॉप जरा तिरका केला, तर कडेतून पाण्याचा थेंब तिच्या पायावर पडला.

सासूबाई, म्हणजे इरम्मा, दारात लसूण सोलत बसल्या होत्या. सासूला आत्या म्हणायची त्या घराची रीत.

"आत्या, ह्याला कुणी हात लावला?"

"म्या लावला," इरम्मा शांतपणे म्हणाल्या. "पण पुसून लावला."

आता यावर माणसानं काय बोलावं? सास्तूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात लग्न होऊन येऊन राजनंदिनीला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात ती सासूशी एकदाही भांडली नव्हती. भांडण पोटात ठेवायची तिला सवय होती. ती आत गेली, दार लोटून घेतलं आणि रडली.

रडण्यासारखंच होतं. लग्नाआधी ती लातूरला एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. लेखकांच्या चुका काढायच्या, आणि वाक्याचा अर्थ एकच निघतोय ना ते बघायचं. लग्न झालं, छापखाना सुटला, आणि सास्तूरला कोण मुद्रितं तपासून घेणार? म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकाचं घरी बसून करायचं काम तिनं तीन महिने मागे लागून मिळवलं होतं. आधी परीक्षा. 'दुभत्या जनावरांची निगा' नावाच्या पुस्तकाची हातानं लिहिलेली एकशे चाळीस पानं टाइप करून, शुद्ध करून सोमवारी सकाळी दहापर्यंत पाठवायची. जमलं तर दर महिन्याला काम, न जमलं तर आभारी आहोत. शहाण्णव पानं झाली होती, आणि ती सगळी त्या काळ्या पडद्याच्या आत होती. दुसरा लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती, आणि दुरुस्तीला तिच्याजवळ स्वतःचे असे दोन हजार होते.

संध्याकाळी नवरा आला. रणधीर तसा भला माणूस, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असायचा. त्यानं लॅपटॉप उलटा करून झटकला आणि सांगितलं, "तांदळात ठिवायचा. तांदूळ पाणी ओढून घेतंय. मोबाइलवर दाखवलंय सगळं."

तांदूळ घरात होता अर्धा किलो. ज्वारी खाणाऱ्या घरात तांदूळ लागतो कशाला, पाहुणा आला तर भाताला. अर्ध्या किलोत लॅपटॉपचा एक कोपरासुद्धा बुडेना. सून रडलेली इरम्मांना दारातून ऐकू आलं होतं. त्या उठल्या, म्हणाल्या दाणा तो दाणा, तांदूळ काय आन् गहू काय, आणि लॅपटॉप उचलून त्यांनी गव्हाच्या कोठीत हातभर खोल पुरला.

शुक्रवारी दुपारी तो वर काढला. पाणी ओढलं होतं की नाही देव जाणे, पण लॅपटॉप तुकतुकीत झाला होता. वर्षाचा गहू किडू नये म्हणून इरम्मा त्याला एरंडेल चोळून ठेवत, हे गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बटणांच्या फटीत गहू, वायर लावायच्या भोकात गहू, आणि हलवला की आत खुळखुळ.

"हवा मारली की निघतंय," रणधीर म्हणाला. राजनंदिनी नको नको म्हणेपर्यंत तो मोटारसायकलवर बसलासुद्धा. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरायची मशीन होती. ती लॅपटॉपला लावली. गहू निघाला, हे मान्य करायला पाहिजे. गव्हाबरोबर सात बटणंही निघाली. पाच रस्त्यावर सापडली, दोन गटारात गेली, आणि रणधीर ती पाच बटणं खिशात घालून, मान खाली घालून घरी आला.

शनिवारी सकाळच्या एसटीनं राजनंदिनी धाराशिवला निघाली. इरम्माही निघाल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात. "बिघडवलं म्या, तर दवाखान्यातबी म्याच यायला पायजे," एवढंच म्हणाल्या. दोन-अडीच तास दोघी शेजारी बसल्या होत्या. इरम्मा रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. माहेर त्यांचं आळंदकडचं, बोली कानडी, अक्षर आलं ते गेल्या तीन वर्षांत साक्षरतेच्या वर्गात. तेव्हापासून समोर लिहिलेलं काहीही त्या वाचल्याशिवाय सोडत नसत, मग ते साबणाचं पाकीट असो की दवाखान्याचं बिल. राजनंदिनी खिडकीबाहेर बघत होती. तिला त्या वाचण्याचाही राग येत होता.

दुरुस्तीचं दुकान मुजीबचं. बाजारातल्या गल्लीत, टेबलभर उघडे पडलेले लॅपटॉप, आणि त्यांच्यात वाकून बसलेला चाळिशीचा सावकाश माणूस. त्यानं लॅपटॉप उघडला, चार गहू चिमटीनं काढून एका वाटीत ठेवले, आणि बोट फिरवून वास घेतला. मग त्यानं शेवटपासून सुरुवातीपर्यंत सगळं विचारून घेतलं.

"एक बात सांगू का, ताई?" तो म्हणाला. "पाण्यानं ह्याचं काही खास बिघडलं नव्हतं. तसाच उघडून ठेवला असता तर दोन दिवसांत वाळला असता. बिघडला तो इलाजानं." फाइल त्यानं अर्ध्या तासात सुखरूप काढून दाखवली. आतलं यंत्रही पुसून सुरू केलं. पण बटणांची पाटी गेली होती ती गेलीच, आणि नवी बसवायला साडेतीन हजार पडणार होते. राजनंदिनीचा चेहरा बघून त्यानं माळ्यावरून एक जुना, बाहेरून जोडायचा कीबोर्ड काढला. अक्षरं पार झिजलेली, पण बटणं सगळी चालत होती. मेहनत धरून नऊशे म्हणाला.

पैसे घेताना तो इरम्मांकडं वळला. "खाला, एक विचारू? विजेची चीज, तुम्ही तिला ओल्या फडक्यानं पुसलीच कशाला?"

"लिवलंय म्हणून," इरम्मा म्हणाल्या.

त्यांनी लॅपटॉपचं झाकण फिरवलं. तिथं राजनंदिनीच्या सुरेख अक्षरातला कागद तेलानं पारदर्शक होऊन अजून चिकटलेला होता. इरम्मांनी बोट ठेवून वाचला. "'पुसल्याशिवाय हात लावू नये.' म्हणून रोज केर काढताना पुसते, मग बाजूला सारते. परवा आमुशा होती. म्हणलं जरा नीट पुसावं, तर फडक्याचं पाणी उरलं आसंल."

तो कागद राजनंदिनीनं लिहिला होता रणधीरसाठी, कारण तो तिच्या लॅपटॉपवर बैलबाजाराचे व्हिडिओ बघायचा. तिच्या माहेरी, तामलवाडीला, विचारायला पुसायचंच म्हणत. आईला पुसून ये, आज्याला पुसलंस का. सास्तूरच्या घरात पुसायचं ते फडक्यानं आणि विचारायचं असलं की इचारायचं. रणधीरनं कागद वाचलाच नव्हता. घरात तिचं लिहिलेलं ज्या एकाच माणसानं वाचलं आणि अक्षर न् अक्षर पाळलं, त्याच्यावर ती दोन दिवस मनातून जळत होती. आणि दुसऱ्यांच्या वाक्याला दोन अर्थ राहू नयेत यासाठी तिला पगार मिळणार होता.

"आत्या, चूक माझी हाय," ती म्हणाली, आणि तिथंच त्यांना अर्थ सांगितला. इरम्मांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग आसं लिवायचं की." त्यावर मुजीबनं खाली मान घालून स्क्रू गोळा करायला सुरुवात केली.

रविवारी चव्वेचाळीस पानं उरली होती. कीबोर्डवर अक्षरं नाहीत. खाली बघून उपयोग नाही, बोटांच्या अंदाजानं चालायचं, आणि डोळे हस्तलिखिताकडं गेले की बोटं चुकत. तासाभरात दीड पान झालं. तेव्हा राजनंदिनीनं दाराकडं बघून विचारलं, "आत्या, वाचता का?"

इरम्मांनी चष्मा लावला. त्या बोट धरून वाचत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आश्चर्य म्हणजे तोच वेग त्या झिजलेल्या कीबोर्डला बरोबर बसला. रणधीरनं त्या दिवशी भाकरी थापल्या. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

पान एकशे अठराला इरम्मा थांबल्या. "व्यायलेल्या म्हशीला रोज पाच किलो गूळ द्यावा," त्यांनी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. "पाच किलो? म्हशीचं लगीन हाय का?"

"आत्या, आपल्याला फक्त शुद्धलेखन बघायचंय. आकडे लेखकाचे."

"लेखकाचे आसतील, म्हस त्याची न्हाय. म्या चाळीस वर्सं म्हशी राखल्या. कुणी गरीब हे वाचंल आन् खरं मानंल. लिवलेलं खरं मानत्यात लोकं." त्यांनी पानं मांडीवर उपडी ठेवली. "ह्यो आकडा नीट झाल्याबिगर म्या फुडं वाचायची न्हाय."

घड्याळ पुढं चाललं होतं. परीक्षेच्या कामात लेखकाचा आकडा बदलायचा तर नोकरी हातची जाईल, आणि न बदलावा तर वाचणारा उठून जाईल. राजनंदिनीनं शेवटी मधला मार्ग काढला. आकडा तसाच ठेवला आणि समासात लिहिलं: आमच्या घरातल्या जाणकारांच्या मते हा गूळ फार होतो, कृपया लेखकांना विचारून खात्री करावी. या वेळी तिनं शब्द तीनदा तपासला. अशा आणखी चार शंका निघाल्या. सोमवारी पावणेदहाला पानं गेली.

बुधवारी पुण्याहून फोन आला. संपादकबाई मोनिका म्हणून होत्या, बोलण्यात अघळपघळपणा नव्हता. टाइप करताना एकशे सात चुका झाल्या आहेत, त्या म्हणाल्या. राजनंदिनीनं डोळे मिटले. एवढ्या चुकांवर आम्ही कुणाला घेत नाही, त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की लेखकांना विचारलं, शून्य पूर्णांक पाच लिहिताना त्यांचं शून्यही गेलं आणि टिंबही गेलं. ते आमच्या तीन तपासनिसांच्या हातून सुटलं होतं. उरलेल्या चार शंकांपैकी तीन बरोबर निघाल्या.

"काम तुम्हाला देतोय," मोनिकाबाई म्हणाल्या. "एका अटीवर. त्या जाणकारांनी प्रत्येक पान वाचलं पाहिजे. आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचे आभार छापायचेत, तर नाव पाठवा."

इरम्मा गोठ्यात होत्या. राजनंदिनी धावत गेली, सगळं सांगितलं. इरम्मांनी हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्यांदा विचारलं ते पगाराचं. मग म्हणाल्या, "नाव? रणधीरची आई म्हनून घाल. गावात तसंच वळखत्यात."

"तसं न्हाय चालत. तुमचं पायजे."

त्या जरा विचारात पडल्या. मग त्यांनी सांगितलं, आपलं, वडलांचं, आळंदकडच्या आडनावासकट, आणि राजनंदिनीनं झिजलेल्या बटणांवर ते सावकाश टाइप केलं. इरम्मा वाकून वाचू लागल्या. एकेक अक्षर सुटं करून वाचलं. संपलं तशा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या.

"चुकलं का काय, आत्या?"

"न्हाय," इरम्मा म्हणाल्या. "बरोबर हाय. एवढ्यात पाठवू नगं, आजून एकदा वाचू दे."