आत काय आहे, ते मतमोजणीनंतर

"इमारतीसमोर कला कुठाय?" सटवाजीने विचारलं.

रामकिशनने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. उजवीकडे उरलेली खडी होती. डावीकडे त्याची बायको आशाबाई होती. दोन्हींपैकी कशालाच कला म्हणायची त्याची हिंमत झाली नाही.

सटवाजी नगरपंचायतीत बांधकामाच्या टेबलावर होता. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली तेव्हापासून त्याला 'भाऊसाहेब' म्हणावं लागत होतं. हिंगोलीहून औंढ्याला जाणाऱ्या रस्त्यावर रामकिशनने दोन मजली इमारत बांधली होती. वर भाड्याच्या खोल्या, खाली आशाबाईची खानावळ. वर्षानुवर्षं ती बसस्टँडमागे पत्र्याच्या शेडात भाकरी थापत होती आणि वर्षानुवर्षं रामकिशन तिला 'पुढच्या शिवरात्रीला पक्क्या जागेत' असं म्हणत होता. यंदा जागा पक्की झाली होती. फक्त भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं, आणि ते नाही म्हणून नळ नाही, मीटर नाही. नागनाथाला जाणारी महाशिवरात्रीची सगळी गर्दी या रस्त्याने जायची. शिवरात्र हुकली की वर्ष हुकलं.

"कोणती कला, भाऊसाहेब?"

"नवा ठराव हाय. मोठ्या बांधकामासमोर रस्त्यावरून दिसंल अशी एक कलाकृती पाह्यजे. नगरपंचायत कलेला प्रोत्साहन देऊन राहिली."

"मंग द्या की. आमी कुठं नको म्हणतो?"

"प्रोत्साहन आमचं. कलाकृती तुमची. ती बसली, जिल्ह्याची कला समिती पाहून गेली, की प्रमाणपत्र."

आशाबाई पुढे आली. "म्हंजे बाहेर बाहुली नसंल तर आत भाकर थापायची न्हाई?"

"तसं ठरावात लिहेल न्हाई, वहिनी. पण अर्थ बराबर तोच."

गावात कलेचा एकच माणूस होता, रत्नपाल. तो गणपती करायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि दीड वर्ष कलाशाळेत जाऊन आल्यामुळे दोन्ही कामं थोडी नाराजीने करायचा. रामकिशनने विचारताच त्याचे डोळे चमकले.

"काका, मी एक बाई करतो. भाकर थापणारी. अमूर्त."

"अमूर्त म्हंजे?"

"म्हंजे ती बाई हाय हे दिसणार न्हाई."

"मंग समितीला काय दाखवू? माझं डोस्कं?"

रामकिशनला कलेकडून एकच अपेक्षा होती: तिच्यावर कुणी हरकत घेऊ नये. माणसाचा पुतळा नको, कारण मग कुणाचा, आणि त्याचाच काहून? देव नको. बैलही नको, कारण गावात पोळ्याच्या मानाचे दोन बैल होते आणि त्यांच्या मालकांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

"किटली करा," आशाबाई म्हणाली. "चहाला ना जात, ना पक्ष."

झालं. आठ फुटांची, चंदेरी, फायबरची किटली चौथऱ्यावर बसली. तोटी रस्त्याकडे. ट्रॅक्टरवाले थांबून फोटो काढू लागले. एकानेही हरकत घेतली नाही. रामकिशन त्या रात्री गाढ झोपला.

सकाळी नगरपंचायतीची निवडणूक जाहीर झाली.

आठवड्याभराने जगन आला. जगन म्हणजे दोनदा पडलेला अपक्ष. तो किटलीसमोर हात जोडून उभा होता आणि एक माणूस त्याचा फोटो काढत होता.

"वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? चिन्हाची यादी समोर आली. शिट्टी होती, रोडरोलर होता. म्हणलं, काहून घ्यायचं दुसरं? रस्त्यावर आपली आठ फुटाची किटली उभी हाय!"

"आपली?" आशाबाई म्हणाली.

"जनतेची," जगन म्हणाला आणि दुसऱ्या बाजूने हात जोडले.

संध्याकाळपर्यंत विरोधकांची तक्रार पोचली. दुसऱ्या दिवशी सटवाजी आला, पण आज त्याच्या गळ्यात वेगळं ओळखपत्र होतं.

"भाऊसाहेब, या. समिती कधी येऊन राहिली?"

"आज मी बांधकामाचा न्हाई. आज मी आचारसंहितेचा. हे चिन्ह हाय. झाका."

"काढून ठेवतो."

"काढली तर समिती काय पाहील? कलाकृती जाग्यावर पाह्यजे, असा बांधकामाचा नियम हाय."

"मंग राहू देतो."

"दिसता कामा नये, असा आचारसंहितेचा नियम हाय."

"दोन्ही नियम कुणाचे?"

"दोन्ही माझेच," सटवाजी कष्टी होऊन म्हणाला.

पुढच्या संभाषणात कोण काय बोललं हे न सांगताही कळेल.

"निळी ताडपत्री हाय घरात."

"निळा चालत न्हाई. निळा एकाचा हाय."

"भगवं कापड?"

"लई जणांचा हाय."

"हिरवं?"

"काहून माझी नोकरी घेता?"

"पांढरं धोतर?"

"पांढरे कपडे तर सगळेच उमेदवार घालतात."

"मंग देवाने कोणता रंग शिल्लक ठेवला, भाऊसाहेब?"

शिल्लक होता गोणपाटाचा. तो कुणाच्याच जाहीरनाम्यात नव्हता. आशाबाईने पोती उसवली, दाभणात सुतळी ओवली आणि शिवायला बसली. हळदीची पोती शिवण्यात तिचं माहेरचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिने बुड शिवलं, पोट शिवलं, तोटी तर अशी आवळून शिवली की रत्नपाल दोन पावलं मागे सरला.

(सूचना: आचारसंहिता सगळ्यांना सारखी. त्यामुळे इथून मतमोजणीपर्यंत या गोष्टीतही त्या झाकलेल्या वस्तूचा शब्द येणार नाही. जिथे तो असायला हवा तिथे —— अशी रेघ दिसेल. वाचकांनी रेघेखाली डोकावू नये.)

समिती आली ती अशा ऐन वेळी. अध्यक्ष मंजुषा मॅडम, मागे दोन सदस्य, त्यांच्या मागे सटवाजी. आज तो पुन्हा बांधकामाचा होता, पण गाडीतून उतरताच त्याने रामकिशनला कोपऱ्यात घेतलं.

"आत —— हाय, हे तोंडातून निघालं तर तो प्रचार होतो. मला गुन्हा नोंदवावा लागल."

"तुमी तर आज बांधकामाचे."

"ओळखपत्र खिशातच हाय."

मंजुषा मॅडमनी गोणपाटाला एक फेरी मारली. मग दुसरी, उलट्या दिशेने.

"हे काय आहे?"

"कला, मॅडम," रामकिशन म्हणाला.

"आत काय आहे?"

रामकिशनने सटवाजीकडे पाहिलं. सटवाजी आभाळाकडे पाहत होता.

"सांगता येत न्हाई."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्हालाच माहीत नाही?"

"माह्यती हाय. पण बोललो तर गुन्हा होतो."

"कुणी सांगितलं असं?"

"सरकारने."

एका सदस्याने खोकून घेतलं. मॅडमचा आवाज खाली आला. "आणि हे उघडणार कधी?"

"मतमोजणी झाल्यावर."

"ऐकलंत?" मॅडम सदस्यांकडे वळल्या. "मतदारासमोर काय गुंडाळून ठेवलंय, ते मतमोजणी झाल्यावरच कळतं! वर्षभर आपण काय पाहतोय? कारंजी, बगळे, डॉल्फिन. हिंगोली जिल्ह्यात डॉल्फिन! आणि इथे बघा. शिल्पकार कोण?"

रत्नपाल छाती काढून पुढे आला. मॅडमचं बोट त्याला ओलांडून गेलं. "हे टाके कुणाचे?"

"माझे," आशाबाई म्हणाली.

"या टाक्यांत राग आहे."

"हायच न, मॅडम. शिवरात्र तोंडावर आली अन् नळ न्हाई."

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

गोणपाटाचे चारी बाजूंनी फोटो निघाले. मंजुरी आली, प्रमाणपत्र आलं, नळाला पाणी आलं, मीटर फिरू लागलं. आशाबाईने शेडातला तवा नव्या चुलीवर ठेवला. रामकिशनला वाटलं, गोष्ट संपली. गोष्टीलाही तसंच वाटलं होतं. पण मतमोजणी बाकी होती.

जगन निवडून आला.

गुलाल, डीजे, ट्रॅक्टर. मिरवणूक थेट चौथऱ्यापाशी आली. जगनने विळ्याने गोणपाट टरकन फाडलं आणि आत होती किटली! (आता चालतं.) किटली, किटली, किटली! कार्यकर्त्यांनी ती उचलली आणि ट्रॉलीत ठेवली.

"कुठं नेता?" रामकिशनने विचारलं.

"जनतेची किटली जनतेच्या दारात."

जनतेचं दार म्हणजे जगनचं दार. रामकिशनने ट्रॉलीला मनातल्या मनात हात जोडले. ब्याद गेली.

शिवरात्रीला दोन दिवस उरले होते. आशाबाईने भगर निवडून ठेवली होती, शेंगदाणे भाजले होते. तेवढ्यात सटवाजी आला, हातात नोटीस.

"मंजूर कलाकृती नष्ट केली म्हणून. प्रमाणपत्र रद्द का करू नये?"

"मी केली? नगरसेवक घेऊन गेले किटली!"

"किटलीचं नाव काहून काढता? मंजूर काय हाय? गोणपाट. फोटोत काय हाय? गोणपाट. जाग्यावर काय हाय? चौथरा. मॅडम उद्या स्वतः पाहायला येऊन राहिल्या. गोणपाट नसलं तर परवा नळ बंद."

"पण भाऊसाहेब, तुमीच तर झाकायला लावलं! ते झाकण होतं. कला तर आत होती."

"असंल. पण मंजुरी झाकणाला हाय."

रामकिशन जगनकडे गेला. जगनने चहा पाजला, किटली दिली नाही. तो परतला तेव्हा आशाबाईने पदर खोचला होता.

"रत्नपाल, सोयाबीनचं भुसकट आण. ट्रॉलीभर."

"काकू, भुसकटाचं शिल्प?" रत्नपाल म्हणाला. "मी दीड वर्ष शिकलो."

"मंग भरायला तुला सोपं जाईल."

बांबू रोवले, भुसकट दाबलं, पोती चढवली. दिवस मावळायच्या आत चौथऱ्यावर पुन्हा ते उभं राहिलं. तोटी जराशी कलली होती, जणू आतल्याला कंटाळा आला असावा.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. एक फेरी, मग उलटी फेरी. आचारसंहिता संपली होती, आता गप्प बसायला काही कारणही नव्हतं.

"मतमोजणी झाली," मॅडम म्हणाल्या. "आता सांगा. आत काय आहे?"

खोटं बोलावं तर मॅडमच्या मागे सटवाजी उभा. खरं बोलावं तर नळ जातो. पण इतके दिवस दाबलेलं खरं बाहेर पडलंच.

"भुसकट, मॅडम. पह्यलं वेगळं काही होतं. निवडणूक झाली, निवडून आले ते घेऊन गेले. आता निस्तं भुसकट हाय."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मॅडमनी हळूच रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

"याच्यात एक शब्दही बदलू नका," त्या सदस्यांना म्हणाल्या. "असंच्या असं लिहून घ्या."

महाशिवरात्रीला पहाटेपासून खानावळ भरली. नव्या नळाला पाणी, नव्या बाकांवर भाविक. आशाबाई भगरीत पाणी ओतत असतानाच दारात जीप थांबली आणि सटवाजी धावत आत आला.

"वहिनी, चला. गावातल्या सगळ्या बिल्डरांनी रातोरात अर्ज बदलले. कुणालाच आता बगळे नको, डॉल्फिन नको. एकदा मंजूर झालंय तेच पाह्यजे म्हणतात. गोणपाट. अन् मॅडमचं म्हणणं, टाके त्याच हाताचे पाह्यजेत. रत्नपाल भुसकट घेऊन साइटवर बसलाय. बांधकाम सभापतींनी स्वतः जीप धाडली."

"कोण सभापती?"

"जगनभाऊ. त्यांचंबी कॉम्प्लेक्स अडकलंय."

आशाबाईने हात धुतले, पदराला पुसले आणि कोनाड्यातलं दाभण घेतलं.

"अगं, आज शिवरात्र हाय!" रामकिशन ओरडला. "तुझी खानावळ!"

"व्हय न. पक्क्या जागेत हाय." तिने आमटीची पळी त्याच्या हातात दिली. "हलवत राहा. खाली लागू देऊ नका."

जीप गेली. आत पातेल्याखाली जाळ भणाणला. रामकिशनने पळी फिरवली, मग घाबरून दुसऱ्या पातेल्यातली फिरवली, मग कोणती कुठली होती हे विसरला. काही वेळाने नरसीहून आलेल्या एका म्हाताऱ्या भाविकाने ताटली उजेडाकडे धरली. आधी एका बाजूने पाहिली, मग दुसऱ्या बाजूने.

"मालक, ही भगर हाय का आमटी?"

रामकिशनने पळी खांद्यावर टाकली आणि मान जराशी तिरकी केली.

"तुमाला काय वाटतं?"