तुकाभाऊंची सावड

एखाद्याच्या सॉफ्टवेअरमधली चूक आपण फुकटात दुरुस्त करून दिली, तर तो फार तर आभार मानतो. तुकाभाऊंनी लोणावळ्याला येऊन माझी पाण्याची टाकी धुतली.

मी नको नको म्हणत गच्चीवर उभा, आणि हा गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत. "सावड हाय, उपकार न्हाई," आतून आवाज आला. मावळात भातलावणीला आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या, ती सावड. तुकाभाऊंनी तीच कॉम्प्युटरला लावली.

मावळातल्या तिकोणा पेठ गावी घरी बसून ते एका कंपनीचं काम करतात आणि उरलेल्या वेळात मराठी मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सांभाळतात. अंध माणसं त्यावर पेपर ऐकतात. ते कुणीही फुकट वापरावं, कुणीही सुधारावं. सुधारणारे आम्ही कोण कुठले पंधरावीस जण, पगार कुणालाच नाही. भाऊंचा नियम एकच, "फेडल्याबिगर कोड घेत न्हाई." नागपूरच्या मृणालनं जोडाक्षरांचे उच्चार सुधारले, तर भाऊ तिच्या बहिणीच्या लग्नात वाढपी म्हणून राबून आले. जर्मनीतल्या एका पोराला काय द्यावं सुचेना, तर त्याला व्हिडिओवरून भाकरी थापायला शिकवली. भाकरी त्याला अजून येत नाही, पण तो टिकलाय.

लोक फुकट का राबतात, हे कोडं मला काही सुटलेलं नाही. शाबासकीसाठी, शिकायला मिळतं म्हणून, की नुसती खाज? मृणालला वाटलं, कारभाराला जरा शिस्त हवी. तिनं समिती केली, मतदान आणलं, चांगल्या कामाला बिल्ले आणले. भाऊ सगळ्याला "करा की" म्हणाले. मग तिनं ठराव मांडला : सावड बंद. भाऊ एकटे किती जणांचं फेडणार? राहिलेलं सगळं माफ करून टाकू.

त्या आठवड्यात भाऊंचे मला सारखे फोन. "पडंल ना वो ठराव?" ग्रामपंचायतीला उभा राहिलेला उमेदवारही इतका घाबरत नाही.

रविवारी सगळे व्हिडिओवर जमलो. मृणाल अगदी मायेनं म्हणाली, "भाऊ, ठराव झाला की तुम्ही कुणाचं काही देणं लागणार नाही. मोकळे व्हाल."

भाऊ म्हणाले, "मंग फोन कशाला करनार तुमी? कारभारीण गेल्यापास्नं हितं कुनी फिरकत न्हाई. फेडायचं ऱ्हायलंय म्हनून मी तुमच्या दारात येतो, तुमी दोन शब्द बोलता. ते माफ नका करू. मला लय एकटं वाटंल."

पण ठराव मांडलेला होता, मतदान घेणं भाग होतं.

विरोधात पहिला हात मृणालचा वर गेला.