मिशी विझवा!

खोटं कसं बोलावं याचे वर्ग काढायचे असते, तर काजव्याने त्या शनिवारी सकाळीच दारावर पाटी लावली असती! पोट धरायचं, चेहरा पिळायचा आणि वाक्य अर्ध्यात सोडायचं. बस्स! "साहेब, पोटात असं काही..." एवढंच तो म्हणाला आणि मोठ्या साहेबांनी स्वतः उठून दार उघडून धरलं.

"जा बाबा, घरी जाऊन पड. मलाही हेड ऑफिसला मीटिंग आहे."

आता हा काजवा कोण, ते सांगायला हवं. अंधारात चमकणारी पावडर बनवणाऱ्या कारखान्यातला हा रसायनतज्ज्ञ. आईवडिलांनी चांगलं बारशाचं नाव ठेवलं होतं, पण कारखान्यात ते कुणाला ठाऊक? काम काय, तर स्ट्रॉन्शियम आणि ॲल्युमिनियमची संयुगं घ्यायची, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम नावाच्या महागड्या धातूंची चिमूट टाकायची, भट्टीत भाजायचं आणि खलात घोटायचं. ही पावडर उजेडात ठेवली की उजेड पिऊन घेते आणि अंधार झाला की हिरवीगार चमकते. दिवे गेले तर जिना सापडावा म्हणून भिंतीवर पाट्या लावतात ना, त्यांच्यासाठी! पाट्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंची अट एकच होती: पावडर दोन तास चमकली पाहिजे. काजव्याची पावडर वीस मिनिटांत मान टाकायची!

त्या दिवशीचा घाणा शेवटचा होता. नेहमीसारखी ताटली अंधारखोलीतल्या बल्बखाली ठेवली, बल्ब बंद केला, आणि वीस मिनिटांत खेळ खलास. सोमवारी बाई येणार, नाही म्हणणार आणि मंगळवारपासून काजव्याची रवानगी चुन्याच्या गोदामात होणार. साहेबांनीच तसं सांगितलं. सांगताना त्यांनी पावडरीत बोटं घातली, सुस्कारा सोडला आणि सवयीप्रमाणे टकलावरून हात फिरवला.

गेलं खड्ड्यात! चुन्यात जायचंच आहे, तर आधी बायकोला सिनेमा तरी दाखवू. बिचारी कधीची मागे लागली होती.

बायको थिएटरबाहेर वाट बघत होती. नवऱ्याला बघताच ती ओरडली, "अहो, केवढा हा कोंडा! मिशीतसुद्धा?"

"ताण आहे गं कामाचा."

तिने त्याचे खांदे झटकले, मिशी झटकली, मग त्याच हातांनी स्वतःचे केस सारखे केले, गाल टिपले. तिकिटाची रांग भर उन्हात होती. दोघं चांगली भाजून निघाली आणि थंडगार हॉलमध्ये जाऊन टेकली. दिवे मालवले.

मागच्या रांगेतून एक चिमुकला आवाज आला. "आई गं! त्या काकांची मिशी पेटली!"

बायकोने वळून पाहिलं आणि नवऱ्याचा दंडच पकडला. "अहो, तुमची मिशी!"

"अगं, तुझे गाल!"

दोन्ही गालांवर पाच पाच बोटं हिरवीगार उमटली होती. काजव्याची मिशी तर अशी तळपत होती, की पुढच्या माणसाने त्या उजेडात स्वतःचा सीट नंबर तपासून घेतला!

"ओ मिशीवाले!" मागून एक जण खेकसला. "विझवा की ती! पडदा दिसत नाही!"

"विझत नाही हो!"

"मग कापा!"

काजव्याने घाईघाईने रुमाल काढून तोंडावर धरला. पण याच रुमालाने त्याने सकाळी खल पुसला होता, आणि रांगेत उन्हासाठी तोच डोक्यावर धरला होता! आता मिशीच्या जागी अख्खा कंदील लागला. हॉलमध्ये हशा पिकला. गडबड ऐकून दारावरचा माणूस धावत आला आणि त्याने काजव्याच्या तोंडावर टॉर्च मारली. चांगली निरखून निरखून मारली! टॉर्च बंद झाली, तर मिशी दुप्पट!

"टॉर्च कशाला मारलीत? अजून पेटली ना!"

"मला काय माहीत? मिशी पेटलेली गिऱ्हाइकं रोज येतात होय?" असं पुटपुटत तो निघून गेला.

"उठा," बायको दात आवळून म्हणाली. "घरी चला. मला कुठे तोंड दाखवायला जागा नाही राहिली."

"तोंड तर सगळ्यांना दिसतंय!" काजवा म्हणाला आणि त्याच्या बरगडीत कोपर बसलं.

पण उठलं तर सगळ्यांना आणखीच दिसणार, म्हणून दोघं तशीच दबून बसली. सिनेमा होता भलताच रडका. नायकाचे नातेवाईक एकेक करून मरत होते, तेही अंधारात, आणि मध्यंतरसुद्धा नव्हतं. दुसरे काका गेले तेव्हा काजव्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थांबा! वीस मिनिटं तर केव्हाच होऊन गेली!

"अगं, जरा गाल इकडे कर."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"घड्याळ बघायचंय!"

टॉर्च बंद झाल्यापासून मोजायला हवं होतं, आणि त्याला आता पाऊण तास झाला होता. पाऊण तास! काजवा खुर्चीत ताठ बसला. मग तास झाला. मग दीड तास. पडद्यावर आत्याबाई गेल्या, आजोबा गेले, मिशी मात्र जिवंत! जरा मंदावली होती, पण स्पष्ट दिसत होती. आता बायकोही राग विसरली. दर थोड्या वेळाने स्वतःच गाल पुढे करून कुजबुजायची, "आता किती झाले?"

दोन तासांना पाच मिनिटं कमी असताना मागचा खेकसणारा गृहस्थ तक्रार करून आला आणि दारावरचा माणूस पुन्हा टॉर्च सरसावत निघाला.

"नको!" काजवा हात जोडून उभा राहिला. "पाया पडतो, टॉर्च लावू नका! फक्त पाच मिनिटं! माझ्या नोकरीचा प्रश्न आहे!"

"नोकरी मिशीवर आहे?"

"हो हो, मिशीवरच आहे!"

त्या माणसाचा अंगठा बटणावर गेला. एवढ्यात अगदी पहिल्या रांगेतून गर्जना झाली. "खबरदार! नमुन्यावर उजेड पाडाल तर याद राखा!"

पडद्यासमोर एक हिरवा गोल घुमट हळूहळू वर आला आणि मागे वळला. घुमटाखाली मोठे साहेब होते!

अख्खा हॉल पडदा सोडून त्या घुमटाकडे बघायला लागला. मरायला टेकलेला पडद्यावरचा मामासुद्धा मान वळवून बघतोय असं वाटलं.

"साहेब," काजवा चाचरत म्हणाला, "मीटिंग कशी चाललीय?"

"चाललीय," साहेब म्हणाले. "पोट कसं आहे?"

"बरं आहे."

"उत्तम. घड्याळावर लक्ष ठेव. माझंही अजून चालू आहे ना?"

"झगझगीत, साहेब!"

पाच मिनिटांनी दोघांनी एकदमच "झाले! दोन तास झाले!" म्हणून आरोळी ठोकली आणि लोकांनी त्यांना मामाच्या प्रेतयात्रेआधीच बाहेर काढलं.

बाहेर व्हरांड्यात साहेब रुमालाने डोळे पुसत होते. "अरे, चुन्याचं तुला सांगितलं खरं, पण माझ्याच जिवाला लागलं. वाईट वाटलं की मी एकटाच सिनेमाला येतो. इथे रडलं तर कुणी विचारत नाही." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "पण सकाळी का नाही रे चमकली?"

"सकाळी बल्ब होता, साहेब. आत्ता ऊन मिळालं, मग टॉर्च मिळाली. तो आपला पिवळा बल्ब तिला पोटभर उजेड देतच नाही! महिनोन्‌महिने उपाशी ठेवलं आपण तिला!"

"तो बल्ब कुणी आणला होता?" बायकोने विचारलं.

साहेबांनी घाईघाईने रुमालाची घडी घातली. "वीज कमी खातो," ते म्हणाले.

सोमवारी मालकीणबाई आल्या. ताटली उन्हात ठेवली, अंधारखोलीत नेली आणि बाई खुर्ची टाकून तिच्यासमोर दोन तास बसल्या. ताटली चमकत राहिली. काजव्याला तर नाचावंसं वाटत होतं! पण बाई पक्क्या व्यवहारी. "ताटलीतलं ठीक आहे. कशाला लावून बघितलीत का?"

"बघितली ना!" साहेब सावरून बसले. "दोन पृष्ठभागांवर. एक केसाळ, एक गुळगुळीत. दोन्हीकडे दोन तास पूर्ण."

"जास्त चांगली कशावर दिसली?"

"गुळगुळीत!" काजव्याच्या तोंडून निघून गेलं. "प्रश्नच नाही, बाई. लांबूनसुद्धा झकास!"

"आमच्या पाट्याही गुळगुळीतच असतात." बाईंनी पर्स उचलली. "ऑर्डर पक्की समजा. फक्त एक करा. तो गुळगुळीत नमुना महिनाभर आमच्या गोदामात भिंतीला टांगायला पाठवून द्या. आमच्या माणसांना येता-जाता बघू दे."

साहेबांचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"आजच पाठवतो, बाई!" चुन्यातून सुटलेला काजवा आनंदाने ओरडला. "खोक्यात नीट बांधून पाठवतो!"