नवा शिपाई का हवा?

ललित बोरसेच्या घरात दोनशे अकरा शिपाई होते आणि त्यांतला एकही कधी नळावर पाणी भरायला उठला नाही, अशी त्याच्या बायकोची, हर्षदाची तक्रार होती. शिपाई कथिलाचे, उंची जेमतेम दोन इंच. सुरतेच्या नवागाम वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत टीव्हीला धड भिंत मिळाली नव्हती, पण या पलटणीला काचेचं कपाट मिळालं होतं. घोडेस्वार, तोफवाले, बिगुलवाले, पांढरे हातमोजे घातलेले बँडवाले, सगळे आपापल्या जागी खडे. ललित जवळच्या सचिन गावातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये रंगमास्तर होता. दिवसभर साड्यांचे रंग कालवून घरी आला, की बारीक ब्रश घेऊन तो कुणाच्या तरी फेट्याचा तुरा रंगवत बसे. गल्लीत मात्र त्याने या छंदाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या बाहुल्या रंगवतो हे एकदा गल्लीला कळलं, तर ती थट्टा मुलीच्या लग्नापर्यंत पुरेल अशी त्याला धास्ती होती.

कपाटात एकच माणूस नव्हता, तो म्हणजे ललितचा बाप. राघोआबा सोळा वर्षं फौजेत होते, पण बंदूक चालवायला नव्हे. डोंगरातल्या ठाण्यांवर दारूगोळा आणि शिधा खेचरांवरून जातो. तशा एका खेचराची जबाबदारी आबांवर होती. फौज सुटल्यावर ते शिंदखेड्याहून सुरतेला आले, लूमवर राबले आणि आता पंच्याहत्तरी उलटल्यावर ओट्यावर बसून असत. लग्नाकार्यात दुसरे माजी सैनिक तोफांच्या गोष्टी सांगू लागले, की कुणीतरी हमखास अहिराणीत म्हणे, "आनि आम्हना आबा खेचरं हाकलत व्हता!" सगळे हसत. आबाही हसत आणि पुढचं भजं उचलत. ललितला मात्र ते हसणं फार लागायचं. आबांचा शिपाई, खेचरासकट, कपाटाच्या पहिल्या रांगेत उभा करायचा, आणि तोही आबांना दिसतंय तोवर, एवढीच त्याची इच्छा होती. आबांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते.

हे शिपाई ओतायचे नाशिकचे पांडुरंग गायधनी. पूर्वी कारखान्यात साचे करत, आता घराच्या मागच्या खोलीत करत. वर्षाला एकच नवा शिपाई निघे. कोणता काढायचा, ते आधी ते संग्राहकांच्या मतांवर ठरवत. मतं धो धो पडत, 'काढलात की लगेच घेऊ' अशी वचनं येत आणि शिपाई निघाला, की वचनं देणाऱ्यांचे फोन बंद होत. एका उंटस्वाराचे साठ नग अजून गायधनींच्या पलंगाखाली होते. दुधाने तोंड पोळलेल्या गायधनींनी मग नियम केला. शंभर जणांनी नाव, फोन आणि 'हा नवा शिपाई का हवा?' याचं उत्तर लिहून पाठवलं, तरच साचा. शिवाय त्यांतल्या एखाद्याला ते स्वतः फोन करून खुंटा हलवून बघत. ललित सहा वर्षं खेचरवाल्याची मागणी करत होता. आजवरचा उच्चांक होता अकरा.

"लोकांना घोडा हवा असतो हो, बोरसे," गायधनी समजावत. "खेचर म्हणजे कसं... घोडा व्हायचं राहून गेलेलं."

या वर्षीही मुदतीला दोन दिवस उरले आणि आकडा सातवर अडला, तेव्हा हर्षदालाच राहवलं नाही. "गल्लीमा दीडशे घरं शेतस. त्यासले सांगा ना."

"लोकं हसतीन."

"मंग खेळनं शे आसं लिखूच नका. कोन सांगस लिखाले?"

ललितला हे पटलं. तसेही जातीचे संग्राहक आपल्या शिपायांना खेळणी म्हणत नाहीत. त्याने गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'आपल्याला नवा शिपाई हवा आहे. शंभर जणांनी मागणी केली तरच मिळणार आहे. खालच्या लिंकवर नाव, फोन आणि शिपाई का हवा ते लिहावे, ही विनंती.'

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण मराठीत शिपाई फौजेत असतो, कचेरीत फायली नेतो आणि पोलीसचौकीतही बसतो. त्या महिन्यात गल्लीतून दोन बाइक गेल्या होत्या आणि छायाबाईंचा भरलेला गॅस सिलिंडर दिवसाढवळ्या ओट्यावरून नाहीसा झाला होता. गल्लीने त्या तिघांतून आपल्याला हवा तो शिपाई उचलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागण्यांचा आकडा एकशे बेचाळीस झाला. ललितला फक्त आकडा दिसत होता, कारणं दिसत नव्हती. तो मोबाइल छातीशी धरून बराच वेळ खुर्चीत बसून राहिला.

कारणं नाशिकला गायधनी वाचत होते. एरवी लोक 'बटणांची संख्या बरोबर हवी' असलं काहीतरी लिहीत. इथे लिहिलं होतं, 'शिपायाशिवाय आम्हाला झोप लागत नाही.' 'वीस वर्षं मागतोय, कोणी देत नाही.' 'नुसता दिसला तरी धीर येईल.' गायधनींच्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही नियम म्हणून त्यांनी यादीतला एक नंबर फिरवला. तो निघाला गोपालचा. गुजरातीमिश्रित मराठी बोलणाऱ्या गोपालची कोपऱ्यावर पिठाची चक्की होती आणि पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचा विचार होता.

"आपण शिपायाची मागणी केलीत ना?" गायधनींनी विचारलं.

"केली ना साहेब! पहिलं नाव माझंच छे."

"कुठं ठेवणार?"

"कोपऱ्यावर, ट्रान्सफॉर्मरजवळ. सगळ्यांना दिसला पाहिजे."

"उघड्यावर? अहो, पावसात रंग जाईल त्याचा!"

"छत्री देऊ ना साहेब. आपली माणसं एवढी वाईट नाहीत."

गायधनी गहिवरले. "उभा हवा की बसलेला?"

"उभा! बसलेला झोपेल."

"हातात बंदूक नाही, हे चालेल?"

"काठी असली की बस!"

"आणि सोबत खेचर असेल, ठाऊक आहे ना?"

खेचराचं गोपालला काहीच ठाऊक नव्हतं. पण पुढारी व्हायला निघालेल्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नाही असं म्हणता येत नाही. त्याने क्षणभर विचार केला आणि त्याला एकदम उजेड दिसला. "बराबर छे साहेब! या गल्लीत जीप घुसतच नाही. सरकारने पहिल्यांदा डोकं चालवलं!"

सरकारचा इथे काय संबंध, ते गायधनींना उमगलं नाही. पण सुरतेची माणसं बोलतात मोकळं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि साचा करायला घेतला. महिन्याभरात नमुना तयार झाला. असे संग्राहक जिथे राहतात ती गल्ली डोळ्यांनी बघायचीच, म्हणून नमुना घेऊन रविवारी स्वतः येतो, असं त्यांनी ललितला आणि गोपालला कळवलं.

मधल्या काळात गल्ली कामाला लागली होती. ट्रान्सफॉर्मरजवळ सिमेंटचा चौथरा झाला. गोपालने गव्हाचा कोंडा राखून ठेवला. छायाबाईंनी जुनी सिमेंटची टाकी खेचराला पाणी पाजायला म्हणून घासून ठेवली. ललितची त्या दिवसांत दुपार ते मध्यरात्र अशी दुसरी पाळी होती. त्याला यातलं एवढंच कळलं, की येता-जाता लोक उठून नमस्कार करतात. "मास्तर, तुम्ही मोठं काम केलं," छायाबाई भर रस्त्यात म्हणाल्या. आपण उगाच इतकी वर्षं लाजलो, कलेची कदर करणारी माणसं आहेत ही, असं ललितला वाटलं आणि त्याला गल्लीबद्दल भलतंच प्रेम दाटून आलं.

रविवारी सकाळी गायधनी रिक्षातून उतरले, तेव्हा समोर दोनशे माणसं, हार, नारळ आणि ढोल होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या गळ्यात हार पडला.

"शिपाई?" गोपालने रिक्षात डोकावून विचारलं.

"आणलाय ना!"

"मागून येतोय?"

"हा काय, माझ्याजवळच आहे." गायधनींनी पिशवीतून बुटाचा खोका काढला, खोक्यातून कापूस काढला, आणि कापसातून दोन इंची शिपाई आणि त्याच्या बाजूला उभं असलेलं खेचर काढून चौथऱ्याच्या मधोमध ठेवलं. ढोल आपोआप थांबला.

पहिल्या भानावर आल्या छायाबाई. "हाऊ शिपाई? आवो, येले त उंदीर बी उचली ली जाई!"

मग एकच कालवा झाला. गोपालचा चेहरा पडला. त्याने भाषण पाठ केलं होतं. "मास्तर, हा काय मजाक?" कुणीतरी ओरडलं. ललितला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने अडखळत, घाम पुसत सगळं सांगितलं. कपाट सांगितलं, शिपाई सांगितले आणि 'खेळणं' हा शब्द लाजेपोटी कसा गाळला, तेही सांगितलं. ऐकता ऐकता गायधनींनी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"म्हणजे एकशे बेचाळीसांतल्या खऱ्या सातच," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ललितला जास्तच वाईट वाटलं. "बोरसे, हा शिपाई निघणार नाही. माझ्या पलंगाखाली आता जागा नाही." त्यांनी कापूस पुन्हा हातात घेतला.

"थांबा जरासा." राघोआबा काठी टेकत गर्दीतून पुढे आले. त्यांनी नमुना उचलला आणि चांगल्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. गायधनी अदबीने उभे राहिले. आबांनी तो फिरवून फिरवून पाहिला आणि ते म्हणाले, "हाई खेचर नई शे. गधडं शे."

"फोटो बघून केलंय हो मी!" गायधनी दुखावले.

"मंग फोटू बी गधडानाच व्हई. खेचरना कान देखा कधी? आनि हाऊ मानूस बाजूले कसाले उभा कया? डोंगरनी वाट हातभर ऱ्हास. बाजूले चालना, त सरळ दरीमा. मानूस पुढे, खेचर मांगे. चंद्रीना जबडा आठे ऱ्हाये," आबांनी आपला खांदा थोपटला. "बारा वरीस मना सदरावर तिनी लाळ गळनी."

गायधनींनी नकळत खिशातून वही काढली. "चंद्री म्हणजे?"

"मनं खेचर." मग आबा चौथऱ्यावरच बसले. ललितने वडिलांना सलग चार वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकलं नव्हतं. "एक डाव धुकं आसं पडनं, का सोताना हात दखाये ना. चंद्री उभी ऱ्हायनी. हालेच ना. मांगेथून हवालदार शिव्या दे, म्हने, मार तिले. मी मारं नई. अर्धा घंटामा धुकं निंघनं, त पुढे वाटच नई. पाच पाऊलवर कडा तुटेल. मना मांगे बावीस जन उभा व्हतात."

मघाशी उंदराची भाषा करणाऱ्या छायाबाईंनी पदराने डोळे टिपले. "मंग तिनं पुढे काय झायं, आबा?"

"वय झायं. फौजनी काढी टाकं तिले," आबा म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

गोपाल खाकरला. चौथऱ्याजवळ उभं राहून काहीतरी जाहीर करायची संधी त्याला सोडवेना. "साहेब, ती लिंक परत टाका. या वेळेला समजून भरू."

गायधनी विरघळले, पण नियमाला धरूनच. माणूस पुढे आणि खेचर मागे म्हणजे आता साचे दोन. ज्याला शंभर मागण्या येतील, तो साचा होईल, असं त्यांनी सांगितलं. ललित निश्चिंत झाला. एवढं ऐकल्यावर आबांना कोण नाही म्हणेल?

जानेवारीत नाशिकहून मोठा खोका आला. ललितने घाईघाईने कापूस उलगडला. आत खेचर होतं. कान लांब पण ताठ, पाठीवर दोन्हीकडे पेट्या, मान जराशी पुढे झुकलेली. त्याने खोका उलटा करून झटकला. दुसरं काही नव्हतं. त्याने गायधनींना फोन लावला.

"साहेब, खेचर मिळालं. आबा कुठायत?"

"अहो, मागणी!" गायधनी खुशीत होते. "खेचराला एकशे चव्वेचाळीस. तुमच्या त्या छायाबाईंना दोन हवीत, एक टीव्हीवर आणि एक सिलिंडरवर. चाळीस वर्षांत असा खप बघितला नाही मी."

"आणि शिपायाला?"

"एक. तुमची."

सहा वर्षांची खटपट, आणि शेवटी गल्लीने बापाला पुन्हा मागेच ठेवलं होतं. "साहेब, निदान घरातलं तरी... आबांचं मत असेल ना?"

"आहे की! तुमच्या मिसेसनी भरून दिलेलं दिसतंय. खेचरालाच आहे. थांबा, कारण वाचतो." कागद चाळल्याचा आवाज आला. "का हवं, याच्या पुढे लिहिलंय: 'माले पेन्शन भेटस. तिले भेटनी नई.'"

ललितने फोन ठेवला. मग त्याने कपाट उघडलं आणि पहिल्या रांगेत, आबांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेवर, चंद्रीला उभं केलं. आबा उठून आले. त्यांनी चांगला डोळा काचेला लावला.

"आते कशी शे?" ललितने विचारलं.

"कान बरोबर शेतस." आबा बघतच राहिले. मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "पन हाई घोडासले दूर कर. तिले घोडा शेजारे चालत नई. लाथ मारस ती."

ललितने हात घातला आणि घोडेस्वारांची अख्खी पलटण दोन बोटं मागे घेतली.