कृष्णेच्या पाण्यात दीड तास

त्या वर्षी कृष्णेतली पोहण्याची शर्यत मीच मारणार, हे मी विश्रामबागेतल्या आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं! चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आधीची तीन वर्षं हंबीरराव पहिला आणि मी दुसरा. तेही हातभर अंतरानं. पण त्या हातभरानं माझं अन्न गोड लागेना!

हा हंबीरराव आमच्याच गल्लीतला, मूळचा फलटणचा, पलटणीतून सुटून आलेला. अंगावर एक केस नाही. उघडा उभा राहिला की नुकती धुतलेली काकडी! आणि माझ्या छातीवर हे घोंगडं. बरं, हे आपलं आपण बघावं, तर आमची शालू घाटावर उभी राहून मोठ्यांदा म्हणायची,

“आवं, हंबीरभावजींचं अंग बघा की! पाणी कसं निसटून जातंय! तुमी म्हंजी भिजलेलं शेरडू दिसताय.”

“लग्नाच्या येळंला दिसलं न्हवतं व्हय?”

“तवा तुमी सदरा घातला हुता!”

शर्यतीच्या आठ दिवस आधी हंबीरराव औषधाच्या दुकानातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन इकडंतिकडं बघत बाहेर पडला. मी लगेच आत शिरलो.

“आत्ता गेले त्यांनी काय नेलं हो?”

“केस काढायचं मलम. पण ते त्यांच्या...”

“एक ट्यूब द्या!”

दुकानदाराचं वाक्य अर्धंच राहिलं. मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. गुपित फुटलं होतं!

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी न्हाणीघराला कडी घातली. ट्यूबबरोबर एक चिठ्ठी होती. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, तीही इंग्रजी! ‘पाच मिनिटं’ तेवढं कळलं. पाच मिनिटं साध्या माणसाला. घोंगडीवाल्याला पंचवीस तरी हवीत! छातीला लावलं, पायांना लावलं. मग मनात आलं, आपण हरतो हातभरानं. तो हातभर अडथळा लंगोटाखालीच असला तर? लावलं. चांगलं सढळ हातानं!

“आवं, न्हाणीत काय मेलंय का? नासक्या अंड्यांचा वास सुटलाय!” बाहेरून शालू ओरडली.

“गटार तुंबलंय!” मी आतून.

पंचवीस मिनिटांनी साबण लावून, काथ्यानं खसाखसा घासून अंग धुतलं. छाती काय गुळगुळीत झाली म्हणता! खूश होऊन लंगोट आवळला आणि निघालो. पण घाटाची पहिली पायरी उतरेपर्यंत लंगोटात कुणीतरी ठेचा वाटायला घेतला!

डिसेंबरची थंडी. बाकीचे गडी कुडकुडत होते आणि मला दरदरून घाम! पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. “तरुणांनो, तुमच्या अंगात आग हवी...” हे ऐकून तर मला रडूच आलं. पाहुणे काही थांबेनात. मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. शेवटी राहवेना. शिट्टीबिट्टीची वाट न बघता धाडकन उडी!

“नानासो बाद!” पंच ओरडले.

पण त्या गार पाण्यात मला जे सुख मिळालं! मी छातीभर पाण्यात उभा राहिलो. शर्यत सुटली, संपली, हंबीररावाच्या गळ्यात हार पडला. मी तिथंच.

“नानासो, भाईर या!”

“न्हाई येत!”

आणि इथं घोटाळा झाला. आमच्या कचेरीतला बिराप्पा गर्दीत ओरडला, “अन्याय झालाय गड्याहो! नानासो धरणं धरून बसल्यात!” झालं! घोषणा सुरू. “फेरशर्यत झालीच पायजे!” कुणी मला लांबून नारळ वाहिला. पंच घाबरले. तासाभरानं त्यांनी कर्ण्यावरून पुकारलं, “फेरशर्यत मंजूर! नानासो, वर या!”

“नको! मंजूर नको!” मी किंचाळलो. लोकांना वाटलं, माणूस फारच ताणून धरतोय.

शेवटी हंबीररावच पोहत जवळ आला. “खरं सांग रं, काय झालंय?”

सांगितलं. करतो काय! तो मानेपर्यंत पाण्यात होता म्हणून बरं, नाहीतर हसून पडलाच असता.

“तिथं? आरं, ते मलम म्या घरच्या मंडळींसाठी नेलं हुतं! माझ्या अंगाला जल्मापास्नं केस न्हाईत. पलटणीत पोरं मला वांगं म्हणायची. लय वंगाळ वाटायचं. तुझ्या छातीकडं बघून जीव जळायचा माझा!”

आणि माझ्या छातीवरचं घोंगडं न्हाणीच्या गटारातून कृष्णेच्या धारेला लागून निघालं होतं कर्नाटकाकडं!

हंबीररावानं मला धोतरात गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात थेट डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“चिठ्ठी वाचली होती?”

“पाच मिनिटं वाचलं हुतं.”

“त्याखाली लिहिलेलं असतं, नाजूक जागी लावू नये. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ! हातापायाला लावायचं तरी आधी मनगटाजवळ बोटभर लावून एक दिवस बघायचं, दिलेल्या वेळेच्या वर ठेवायचं नाही. तुम्ही पंचवीस मिनिटं ठेवलंत, काथ्यानं घासलंत, वर लंगोट आवळलात! नशीब, नदी जवळ होती.”

गार पाण्याच्या घड्या, साधं मलम, साबण बंद आणि आठ दिवस नुसती सैल लुंगी.

शालूला सांगितलं, उष्णता बाहेर पडलीय. चौथ्या दिवशी हंबीरराव बघायला आला. शालूनं कांद्याची भजी केली. ताटली त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली,

“भावजी, तुमचं मन केवढं मोठं! हारलेल्या गड्याला खांद्यावर घिऊन गेलात! पोटभर खावा. ह्यास्नी तळकट द्यायचं न्हाई, आणि उष्णता वाढायची!”

हंबीररावानं माझ्याकडं बघत एक कुरकुरीत भजं उचललं. उठून ताटली ओढावी असं फार मनात आलं हो! पण लुंगी अंगापासून लांब धरायलाच माझे दोन्ही हात गुंतले होते.