शॉक ॲब्सॉर्बर आणि दोन मजली केक

इमारतीच्या मागच्या आवारात मी मांडून ठेवलेल्या वस्तू पुढीलप्रमाणे होत्या: मोटरसायकल एक, तिचे मागचे शॉक ॲब्सॉर्बर दोन, प्रत्येकावर स्प्रिंग घट्ट-सैल करायच्या खाचा पाच, त्या खाचा फिरवायचा आकडीचा पाना एक, वीस लिटरचे पाण्याने भरलेले कॅन दोन, आईची शिवणकामाची मापपट्टी एक (तिला न विचारता आणलेली) आणि पदार्थविज्ञानाची पदवी एक (माझी, ताजी).

"आज ही गाडी अशी करून देते," मी जाहीर केलं, "की मागे बसणाऱ्यानं धावत्या गाडीवर सुईत दोरा ओवावा!"

"तू आधी गाडी चालवायला शीक," ताई म्हणाली.

हा टोमणा होता. मला मोटरसायकल चालवता येत नाही, हे खरं आहे. पण मोटरसायकल का पडते हे मला सूत्रासकट सांगता येतं. चालवणाऱ्यांपैकी किती जणांना येतं, सांगा बरं!

आता मुळात गाडीच्या स्प्रिंगशी आमचं वैर का झालं, ते सांगते. ताईनं नोकरी सोडून घरी केक करायला सुरुवात केली होती. केक झकास व्हायचा. प्रश्न होता तो पोहोचवायचा. बाबा गाडी चालवायचे, ताई मागे बसून मांडीवर खोकं धरायची, आणि गतिरोधक आला की गाडीचा मागचा भाग आधी आपटायचा आणि मग चेंडूसारखा उसळायचा. मागच्या रविवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे दोन मजली केक नेला. त्यांच्या दारात खोकं उघडलं, तर वरचा मजला खालच्या मजल्यात राहायला आलेला!

बाई भल्या. "चव छान होती हो," एवढंच म्हणाल्या. "आम्ही वाटीचमच्यानं खाल्ला."

वर त्यांनी आणखी एक संधीही दिली. येत्या रविवारी त्यांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन, पुन्हा दोन मजली केक, चाळीस पाहुणे. दवाखान्याकडे जाणारा रस्ता खणलेला, चारचाकी आत शिरत नाही. म्हणजे मोटरसायकल आलीच.

"हाही केक कोसळला," ताईनं स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सांगितलं, "तर मी ओव्हन विकणार आणि गुपचूप जुन्या नोकरीवर जाणार."

ताई उगाच बोलत नाही. म्हणून मी कंबर कसली.

शास्त्र अगदी साधं आहे. माणसं बसली की गाडी थोडी खचते. स्प्रिंगला जेवढं दबता येतं, त्याचा साधारण तिसरा हिस्सा त्या बसण्यात खर्च व्हावा आणि उरलेला खड्ड्यांसाठी शिल्लक राहावा. बसल्या बसल्याच सगळं खर्च झालं, तर खड्ड्यात गाडी आपटते. काहीच खर्च झालं नाही, तर गाडी लाकडी बाकासारखी हादरे देते. म्हणून बसायच्या आधी आणि बसल्यावर, मागच्या चाकाच्या मध्यापासून सीटपर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यावरून खाच ठरवायची; पहिली सर्वांत सैल, पाचवी सर्वांत घट्ट.

पण नुसतं मोजेल ती मी कसली! मी आधी स्प्रिंगची परीक्षा घेतली. बाबांच्या जागेवर एक कॅन ठेवला, म्हणजे वीस किलो. गाडी सहा मिलिमीटर खचली. दुसरा ठेवला. बारा!

"बघा!" मी ओरडले. "दहा किलोला तीन मिलिमीटर! आता या गाडीवर कुणीही बसू दे, मी त्याचं वजन सांगते!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. कारण ते ऐकताच बाबांचा चेहरा, डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसल्यावर होतो, तसा झाला.

बाबांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. आई त्यांना उकडलेल्या भाज्या घालत होती आणि बाबा त्या मुकाट्यानं गिळत होते. वजनकाटा मात्र बिघडला होता आणि दुरुस्तीला न्यायचं काम बाबांकडे होतं. काटा अजून दुरुस्तीलाच होता.

"माझं कशाला मोजायचं?" बाबा म्हणाले. "बहात्तर धर."

"धरायचं नसतं, बाबा, मोजायचं असतं. बसा!"

आईनं हँडल धरलं. बाबा बसले. मी मापपट्टी लावली, वाकून आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. पंधरा मिलिमीटर.

"बाबा," मी म्हणाले, "तुमचं वजन पन्नास किलो आहे."

आईनं हँडलच सोडलं! ताईनं धरलं म्हणून गाडी वाचली.

"पन्नास? अगं बाई, पन्नास? अहो, काय होतंय तुम्हाला? मला का नाही सांगितलंत?"

"काही होत नाहीये गं..."

"तरीच! तरीच जिना चढताना धापा टाकता! आणि मी मेली घालतेय भोपळा!"

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून बाल्कनीकाका वाकले. हे गृहस्थ सकाळी दात घासायला बाल्कनीत येतात ते झोपायलाच आत जातात. "कोण पन्नास?" त्यांनी विचारलं. आईनं पदर डोळ्याला लावून बाबांकडे बोट दाखवलं. काकांनी बाबांना वरून खाली पाहिलं. खाली पाहायला बरंच होतं. पण पदवीधर मुलीनं मोजलंय म्हटल्यावर बिचाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

"आतून पोखरतं ते," काका गंभीरपणे म्हणाले. "वरून दिसत नाही."

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं होतं. माणसं सफरचंदं घेऊन आली. बाबा उशीला टेकून बसले होते. एकीकडे "अहो, कशाला, कशाला" म्हणत होते आणि दुसरीकडे आईनं केलेला तुपातला शिरा संपवत होते. इतका गोड आजारी मी आजवर पाहिलेला नाही. दोन-तीनदा त्यांनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं; पण दर वेळी आई त्यात चमचा घालायची.

मी मात्र कर्तव्य सोडलं नाही. गाडी चौथ्या खाचेवर होती. पन्नास किलोच्या माणसाला चौथी खाच म्हणजे शुद्ध लाकडी बाक! ताईचंही वजन मोजून झालं होतं ("तो आकडा तुझ्या तोंडातून बाहेर आला, तर याद राख!"), तेव्हा हिशेब करून मी दोन्ही स्प्रिंगा दुसऱ्या खाचेवर आणल्या. हात काळे, मान ताठ.

शनिवारी चाचणी. केकच्या जागी मी ताईच्या मांडीवर काठोकाठ भरलेलं पातेलं दिलं. सांडलेलं पाणी मोजायचं, की झालं!

"आजारी माणसाला गाडीवर कशाला पाठवतेस?" आई कळवळली.

"हळू चालवीन," बाबा क्षीण आवाजात म्हणाले आणि बसले. मागून ताई बसली. गाडी बसकण मारलेल्या म्हशीसारखी दिसायला लागली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माझा आकड्यांवर भरवसा होता.

फाटकापाशी छोटासा गतिरोधक आहे.

धप्प!

मग उसळी. पातेल्यातलं पाणी वर गेलं, क्षणभर विचार करत थांबलं आणि अख्खंच्या अख्खं ताईच्या डोक्यावर आलं.

"आता बिचाऱ्याला गाडीसुद्धा झेपत नाही!" वरून बाल्कनीकाका हळहळले.

केसांतून पाणी निथळत असताना ताई फक्त एवढंच म्हणाली, "ओव्हनचा फोटो काढून दे. जाहिरातीला लागेल."

हे मात्र मला लागलं. ती वर गेली आणि मी गाडीपाशी बसून राहिले. कॅन पुन्हा ठेवून पाहिले. सहा, बारा. स्प्रिंग खोटं बोलत नव्हती. मग दोघांपैकी कुणीतरी एक चुकत होतं: निसर्गाचा नियम, नाहीतर बाबा.

मी खाली पाहिलं. आदल्या दिवशी जिथे मोजमाप केलं होतं, तिथल्या धुळीत, गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक खोल ठसा होता. चपलांचा. त्यात फक्त चवडे होते. टाच कुठेच नव्हती!

"बाबा!" मी अशी हाक मारली की बाल्कनीकाकासुद्धा दचकून एक पाऊल आत गेले. "खाली या! आई, तूही ये! काका, तुम्ही पण! गाडी धरायला माणसं लागतील!"

या वेळी आईनं डावीकडून धरली, काकांनी उजवीकडून.

"बसा, बाबा. आणि दोन्ही पाय वर. पायदानावर."

"अगं, तोल जाईल..."

"जाणार नाही. पाय वर!"

बाबांनी एक पाय उचलला. गाडी खचली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दुसरा उचलला. स्प्रिंग करकरली. काकांच्या तोंडून "आई गं" निघालं. मी वाकले, वाचलं आणि शक्य तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं, "सत्तावीस मिलिमीटर. नव्वद किलो."

काकांनी गाडी आणखी घट्ट धरली.

"काल चवड्यांवर उभा होतो मी," बाबा गाडीवरूनच म्हणाले. "मला सत्तरपर्यंतच आणायचं होतं. अंदाज चुकला."

"अहो, पण नव्वद?" आईचा आवाज आता वेगळ्याच पट्टीत होता. "भोपळा खाऊन नव्वद?"

केस पुसत ताई आली होती. ती एकदम थांबली. "बाबा, केक सपाट करताना कापलेला वरचा भाग मी रोज वॉचमनसाठी देते ना तुमच्याकडे?"

बाबा गाडीचा आरसा पुसायला लागले.

"बाबा?"

"तो नको म्हणतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत त्याला?"

"चेहऱ्यावरून कळतं."

ताई आधी हसली. मग आई हसली. पण ते हसू पुढच्या जेवणापर्यंत टिकणारं नव्हतं, हे बाबांनाही कळलं. काकांनी हळूच विचारलं, "मग माझी सफरचंदं?"

मी पाना उचलला. दोन्ही स्प्रिंगा पाचव्या खाचेवर! शेवटची खाच घट्ट होती, पण बसताना तिनं जो टक् आवाज केला, तो मला पदवीदान समारंभातल्या टाळ्यांपेक्षा गोड वाटला. पातेलं पुन्हा भरलं, बाबा बसले, ताई बसली, फाटकापर्यंत जाऊन आले. ताई कोरडी होती! पाणी सांडलं ते फुलपात्रभर.

"ओव्हनचा फोटो काढू?" मी विचारलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली. पण ती पीठ चाळायला गेली, आणि जाताना गुणगुणत होती.

रविवारी केक तयार झाला. पांढराशुभ्र, वर साखरेचे इवले दात. खोकं बंद करायच्या आधी मी मापपट्टी घेऊन वरचा मजला खालच्याच्या बरोबर मध्ये आहे का, ते बघितलं. आकडा मनातच ठेवला. ताईच्या हातात तेव्हा सुरी होती.

मी चालत पुढे जाऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिले. डॉक्टरीणबाई शेजारी, मागे पाहुणे, कुणाच्या हातात खबरदारी म्हणून वाट्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली. खणलेल्या चरावर लोखंडी पत्रा टाकलेला होता. त्याच्यावरून एक स्कूटरवाला नुकताच खडखडत गेला होता. बाबा आले. पुढचं चाक चढलं, मागचं चढलं. गाडी एकदा दबली, एकदा वर आली आणि शांत झाली. एकदाच! ताईचे हात हललेसुद्धा नाहीत. अहो, काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खोकं टेबलावर ठेवलं. ताईनं डोळे मिटून झाकण उघडलं.

"अय्या!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उभा आहे!"

पाहुण्यांनी वाट्या खाली ठेवल्या आणि टाळ्या वाजवल्या. ताईनं डोळे उघडले, केककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोज," ती म्हणाली. "तुला मोजल्याशिवाय चैन पडणार नाही."

मी मोजलं. वरचा मजला मध्यापासून दोन मिलिमीटर डावीकडे होता. घरून निघताना तो पाच मिलिमीटर डावीकडे होता.